भिंतींसाठीचा कॅमेरा : रिको जीआर थ्री, मुंबईच्या गल्ल्यांत तीन वर्षे वापरल्यानंतर

दादर ते माहीम या पट्ट्यात सेनापती बापट मार्गाला लागून रेल्वेची जी लांबच लांब भिंत जाते, तिच्यावर २००९ च्या ऑगस्ट महिन्यात शेकडो मुंबईकरांनी महानगरपालिकेच्या संमतीने एकाच वेळी चित्रे काढली होती. ‘द वॉल प्रोजेक्ट’ या नावाने तो उपक्रम ओळखला गेला. त्या काळात मी रोज तुळशी पाइप रोडने, म्हणजे त्याच रस्त्याने कामावर जात असे आणि तरीही त्या चित्रांचे एकही छायाचित्र माझ्याकडे नाही, कारण माझा कॅमेरा मोठा होता, त्याची पिशवी त्याहून मोठी होती आणि ती दोन्ही घरच्या कपाटात असत. पुढे एका रविवारी मी वेळ काढून गेलो तोवर मला आवडलेल्या चित्रांपैकी काहींवर दुसरी चित्रे चढली होती आणि काहींचे पोपडे निघून खालचा सिमेंटचा गिलावा दिसू लागला होता. ती हळहळ अजून गेलेली नाही. म्हणून या परीक्षणात मी ज्या कसोटीला सर्वांत जास्त महत्त्व देणार आहे ती अगदी साधी आहे : चित्र भिंतीवर असेल त्या दिवशी कॅमेरा खिशात असतो की नाही.

रिको जीआर थ्री २०१९ साली बाजारात आला. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचे वजन २५७ ग्रॅम, रुंदी जेमतेम ११ सेंटिमीटर आणि जाडी साडेतीन सेंटिमीटरांच्या आत आहे. सदऱ्याच्या खिशात तो थोडा जड वाटतो, पण पँटच्या खिशात सहज मावतो. एवढ्याशा अंगात २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) आहे, म्हणजे अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत असतो त्याच मापाचा. भिंग १८.३ मिलिमीटरचे, एफ/२.८ चे (एफचा आकडा जितका मोठा तितके भिंगाचे छिद्र लहान) आणि कायमचे बसवलेले आहे. फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबाने ते २८ मिलिमीटरच्या भिंगाएवढा परिसर दाखवते. झूम नाही, भिंग बदलण्याची सोय नाही, डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडरही नाही. ज्याला एकाच कॅमेऱ्यात लग्न, पक्षी आणि क्रिकेटचे सामने टिपायचे आहेत त्याने येथेच थांबावे. रंगवलेल्या भिंतींच्या कामात मात्र यातील पहिल्या दोन उणिवांचा मला फायदाच झाला, तो कसा हे पुढे सांगतो.

भिंतींची छायाचित्रे काढणाऱ्याला मुंबईत जागेची अडचण सतत येते. वांद्र्याच्या चॅपल रोडवर किंवा रणवार या जुन्या पाखाडीच्या, म्हणजे वस्तीच्या, बोळांत मागे सरकायला जागाच नसते. पाठ समोरच्या घराच्या जिन्याला टेकते आणि तरी चित्राचा एखादा हात किंवा मुकुटाचे टोक चौकटीबाहेर राहते. या कॅमेऱ्याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यात पक्का बसला आहे. भिंतीपासून जितक्या अंतरावर आपण उभे असतो त्याच्या सुमारे १.२८ पट रुंदीचा पट्टा आडव्या चौकटीत मावतो. म्हणजे तीन मीटरवरून साधारण पावणेचार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच चित्र येते, तर चार मीटरवरून पाच मीटर रुंद आणि सुमारे साडेतीन मीटर उंच. एका मजल्याची भिंत, खालचा कट्टा आणि वरची पन्हळ इतके सगळे एका चौकटीत बसवायला हे पुरते. भिंग बदलत नसल्यामुळे काही आठवड्यांतच पायांना अंदाज येतो आणि कॅमेरा सुरू करण्याआधीच आपण बरोबर जागी जाऊन उभे राहिलेलो असतो. सुरू व्हायलाही त्याला एक सेकंद लागत नाही.

लांब भिंतीसाठी हीच अचल फोकल लेंथ, म्हणजे भिंगाचा न बदलणारा मिलिमीटरचा आकडा, आणखी उपयोगाची ठरते. सेनापती बापट मार्गावर समोरच्या पदपथावरून एकसंध चित्र घ्यायचे म्हटले की मध्ये बस, टेम्पो आणि टॅक्सी येतात. म्हणून मी भिंतीच्याच बाजूला, तिच्यापासून शक्य तर तीन मीटर अंतर राखून चालतो आणि दर अडीच मीटरांवर एक छायाचित्र घेतो. शेजारशेजारच्या दोन छायाचित्रांत साधारण एक तृतीयांश भाग सामाईक येतो आणि नंतर संगणकावर ती सगळी एकमेकांना जोडता येतात. एका जागी उभे राहून मान वळवत काढलेल्या पॅनोरमात भिंत कमानीसारखी वाकते, पण अशा चालत घेतलेल्या पट्ट्यांत ती सपाट राहते. मात्र यासाठी एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंगांचा मेळ) आणि फोकस तिन्ही हाताने पक्के करून ठेवावे लागतात, अन्यथा प्रत्येक तुकड्याची निळाई वेगळी येते. या कॅमेऱ्यात तिन्ही पक्के करून तो संच मोडच्या चकतीवरील ‘यू’ या जागांपैकी एकीवर साठवता येतो. माझा ‘यू-वन’ भिंतीसाठी राखीव आहे : एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) २००, दिवसाच्या उजेडाचा व्हाइट बॅलन्स आणि कच्ची, म्हणजे कॅमेऱ्याने रंगसंस्कार न केलेली, डीएनजी फाइल.

चित्र सपाट असते आणि सपाट वस्तू भिंगाची परीक्षा पाहते. माणसाच्या छायाचित्रात कोपरे धूसर असले तरी कोणी तक्रार करत नाही, पण रंगाऱ्याची सही बहुधा उजव्या कोपऱ्यात खालीच असते आणि ती वाचता आली नाही तर नोंद अपुरी राहते. एफ/५.६ ते एफ/८ या टप्प्यात जीआर थ्रीचे भिंग कोपऱ्यापर्यंत इतके स्पष्ट दाखवते की सहीशेजारी लिहिलेले साल आणि स्प्रेचे बारीक शिंतोडेदेखील मोजता येतात. सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित धूसर करणारी काच) नसल्याचाही त्यात वाटा असावा.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारी लेव्हल ही मला या यंत्रातील सर्वांत मोलाची सोय वाटते. कॅमेरा डावी-उजवीकडे कललेला आहे का, एवढेच ती दाखवत नाही. तो पुढे-मागे झुकलेला आहे का, हेही दाखवते, आणि भिंतीच्या छायाचित्रात खरा घात या दुसऱ्या कलण्यानेच होतो. चित्र उंच असले की हात आपोआप कॅमेरा वर करतो, भिंतीच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि रंगवलेला चेहरा कपाळाकडे निमुळता होत जातो. ही चूक संगणकावर सुधारता येते, परंतु सुधारताना वरचा भाग ताणला जातो आणि बाजूच्या कडा कापल्या जातात. त्यापेक्षा कॅमेरा उभा धरावा, लेव्हल दोन्ही दिशांनी जुळू द्यावी, खाली रस्त्याचा जो निरुपयोगी भाग येतो तो येऊ द्यावा आणि नंतर तो कापून टाकावा. २४ मेगापिक्सेलमधून खालचा तिसरा हिस्सा कापला तरी भिंतीएवढ्या कामाला पुरेल इतके चित्र हाती उरते.

अर्थात प्रत्येक भिंतीला हे लागू पडत नाही. ‘बॉलिवुड आर्ट प्रोजेक्ट’चे चित्रकार रणजित दहिया यांनी २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे जे भव्य चित्र रंगवले, ते सुमारे १२० फूट बाय १५० फुटांचे होते. असे काम लेव्हल राखून एका चौकटीत घ्यायचे तर बरेच दूर जावे लागते आणि मग मध्ये झाडे, दिव्यांचे खांब आणि फलक येतात. चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर ब्राझीलचे चित्रकार एदुआर्दो कोब्रा यांनी काढलेल्या गांधीजींच्या चित्राबाबतही तोच अनुभव येतो. तेथे २८ मिलिमीटरचे भिंग आकाश आणि वाहतूक भरपूर देते, चित्र मात्र लहान दिसते. कॅमेऱ्यात ३५ आणि ५० मिलिमीटरएवढी चौकट कापून घेण्याची सोय आहे, पण ५० ची चौकट घेतली की जेमतेम सात मेगापिक्सेल उरतात. इमारतींवरील प्रचंड चित्रे हाच ज्यांचा विषय आहे त्यांनी २०२१ साली आलेला, ४० मिलिमीटरएवढा परिसर दाखवणारा जीआर थ्री-एक्स घ्यावा. मात्र त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तीन मीटरवरून त्यात जेमतेम २.७ मीटर रुंदी मावते, म्हणजे रणवारमध्ये ते अडचणीत येतील. मी दोन्ही वापरून पाहिले आणि २८ वरच राहिलो, कारण माझा जीव बोळांत रमतो.

रंगांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. चॅपल रोडवर अनारकलीच्या वेषातील मधुबालेचे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना भडक, सपाट, सिनेमाच्या जुन्या हाताने रंगवलेल्या पोस्टरच्या घराण्यातले रंग म्हणजे काय हे सांगायला नको. अशा रंगांपुढे बहुतेक कॅमेरे लाल रंग इतका भरून टाकतात की त्यातील कुंचल्याचे फटकारे नाहीसे होतात. जीआर थ्रीच्या ‘पॉझिटिव्ह फिल्म’ या सेटिंगमध्येही लाल आणि पिवळा चढा येतो आणि फेसबुकवर टाकायला ते छान दिसते, पण भिंतीची नोंद म्हणून ते खोटे आहे. त्यामुळे मी कच्ची फाइल ठेवतो आणि पहिल्या छायाचित्रात भिंतीशेजारी, नंतर रंग जुळवण्यासाठी, एक करडे कार्ड धरतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर काळे स्टेन्सिल (कापलेल्या साच्यातून उमटवलेले चित्र) असेल तर कॅमेऱ्याचे प्रकाशाचे मोजमाप पांढऱ्यालाच करडे समजते आणि सगळे चित्र मळकट येते. तेथे एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे. उलट, काळ्या पार्श्वभूमीवरील ग्राफिटीसाठी ते तेवढेच उतरवावे. एक्स्पोजर कमी-जास्त करण्याची कळ उजव्या अंगठ्याखाली येते आणि डावा हात कार्ड धरायला मोकळा राहतो.

प्रकाशाची वेळ साधणे हे त्याहून अवघड काम आहे आणि त्यात कोणताही कॅमेरा मदत करू शकत नाही. अरुंद गल्लीत ऊन भर दुपारी खाली उतरते आणि चित्राचे दोन तुकडे करते, अर्धे पांढरेफटक आणि अर्धे सावलीत. सकाळी सातचा उजेड सुंदर असतो, पण त्या वेळी रात्री लावलेल्या दुचाक्या भिंतीला टेकून जशाच्या तशा उभ्या असतात आणि रविवारी तर त्या हलतच नाहीत. मी आता आठवड्याच्या कामाच्या दिवशी साडेनऊच्या सुमारास जातो. गाड्या कचेऱ्यांकडे गेलेल्या असतात, ऊन अजून छपरांवरच असते आणि गल्लीत समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ प्रकाश असतो. ढगाळ दिवस मिळाला तर तो सोडू नये.

माणसांचा मुद्दा मी मुद्दाम या ठिकाणी आणतो, कारण भिंतीवरचे चित्र हे कोणाच्या तरी घराचे अंगही असते. पूर्वी मोठा कॅमेरा गळ्यात घेऊन गेलो की रखवालदार लांबूनच विचारीत, ‘साहेब, शूटिंग आहे का? परवानगी आहे का?’ आणि खिडक्या बंद होत. जीआर थ्री हातात असताना तो प्रश्न तीन वर्षांत फारच थोड्या वेळा आला. रणवारमध्ये एका आजींनी मला उंबऱ्यातून हाक मारून सांगितले, ‘बाळा, भिंतीचा फोटो काढ, पण माझे वाळत घातलेले कपडे घेऊ नकोस.’ मी थांबलो, दोरीवरचे कपडे काढून होईपर्यंत त्यांच्याशी बोललो आणि त्या भिंतीवर आधी कोणते चित्र होते, त्याच्याआधी कोणते होते, हे सगळे त्यांच्याकडून कळले. ही माहिती मला दुसरीकडे कोठेही मिळाली नसती. कॅमेरा लहान असल्यामुळे संवाद सुरू होतो हे मी अनुभवाने म्हणतो, तथापि लहान कॅमेऱ्याचा उपयोग लोकांच्या नकळत त्यांचे चेहरे टिपण्यासाठी करणे मला मान्य नाही. चित्रासमोरून सहज चालत जाणारी व्यक्ती मोजमापासाठी चौकटीत हवी असेल तर स्नॅप फोकस कामी येतो : दोन किंवा अडीच मीटर असे अंतर आधीच ठरवून ठेवायचे आणि बटण एकदम पूर्ण दाबायचे; कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. पाठमोरी व्यक्ती पुरते.

मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून टिपण्याची, सोय मी खरेदी करताना जमेला धरली नव्हती, आणि आता ती प्रत्येक फेरीत वापरतो. भिंग भिंतीपासून सहा सेंटिमीटरांपर्यंत जवळ नेता येते. पोपडा निघालेल्या जागी कडेने पाहिले तर एकावर एक चढलेले रंगाचे थर दिसतात, खाली चुना, त्यावर एखादी राजकीय घोषणा, त्यावर जाहिरात आणि सर्वांत वर चित्र. अशा छायाचित्रांतून एका भिंतीची सगळी वर्षे वाचता येतात. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर सावरण्याची सोय, तीन अक्षांचे आहे. संध्याकाळी दिव्याच्या पिवळ्या उजेडात एक अष्टमांश सेकंदापर्यंत हाताने धरून घेतलेली भिंत मला स्थिर मिळाली आहे. फ्लॅश या आवृत्तीत नाही. आधीच्या जीआर टूमध्ये तो होता. भिंतीवर फ्लॅश मारला की तैलरंग चकाकतो, त्यामुळे मला त्याची उणीव भासली नाही.

आता ज्या मर्यादांकडे डोळेझाक करता येणार नाही त्या सांगतो. बॅटरीवर उत्पादक स्वतःच सुमारे २०० छायाचित्रांचा आकडा देतात आणि लांब भिंतीचे पट्टे घेताना ती दोन तासांत संपते. दुसरी बॅटरी सोबत बाळगणे अपरिहार्य आहे, किंवा यूएसबी-सीने पॉवर बँकेवर मध्येच चार्ज करावे. पडदा कायमचा बसवलेला आहे, तो वर-खाली वळत नाही, त्यामुळे पायरीजवळ जमिनीलगत काढलेल्या लहान स्टेन्सिलसाठी गुडघ्यावर बसावे लागते. भर उन्हात पडदा अंधुक दिसतो. त्याचा उजेड वाढवता येतो, पण त्याने बॅटरी आणखी लवकर उतरते. आणि पावसापासून संरक्षण मुळीच नाही. मुंबईत कॅमेरा घेणाऱ्यासाठी ही सर्वांत गंभीर मर्यादा आहे, कारण जून ते सप्टेंबर हाच काळ भिंतींच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो : पावसाच्या माऱ्याने गिलावा फुगतो, शेवाळ चढते, वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्याच्या काळ्या रेघा चेहऱ्यांवरून उतरतात आणि अर्धी चित्रे निळ्या ताडपत्रीमागे जातात. ही पडझडही नोंदवण्यासारखी असते. मी छत्रीखाली, कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवून, सर थांबली की बाहेर काढून काम करतो, परंतु हे जोखमीचे आहे हे मान्य करायलाच हवे. भिंग सुरू होताना बाहेर येणारे आणि बंद करताना आत जाणारे असल्यामुळे धूळही आत ओढली जाऊ शकते. बांधकामाच्या धुळीत तो उघडा खिशात टाकू नये.

छायाचित्रे प्रसिद्ध करण्याविषयी एक बाब येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करण्याला सूट आहे, वास्तूंच्या छायाचित्रांनाही आहे. पण त्या तरतुदीत रंगवलेल्या चित्राचा समावेश नाही. म्हणजे भिंत रस्त्यावर असली तरी तिच्यावरील चित्राचे छायाचित्र दिनदर्शिकेत, टी-शर्टवर किंवा जाहिरातीत वापरण्याआधी चित्रकाराची परवानगी घ्यावी. माझ्या संग्रहात प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, गल्ली आणि सही वाचता आली असल्यास चित्रकाराचे नाव असते, आणि सही नसेल तर मी ते छायाचित्र विक्रीच्या कोणत्याही कामाला देत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेत हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने वाड्यांच्या आणि घरांच्या भिंतींवर जे काम झाले, ते पाहायला मी हाच कॅमेरा घेऊन गेलो होतो. पेठेतले बोळ वांद्र्याहून अरुंद आहेत आणि तेथे २८ मिलिमीटरदेखील काही ठिकाणी कमी पडले. अशा जागांसाठी रिकोचे वेगळे मिळणारे वाइड कन्व्हर्टर आहे, ते लावले की भिंग २१ मिलिमीटरएवढे होते. परंतु ते आणि त्याचा अडॅप्टर लावल्यावर कॅमेरा खिशात राहत नाही, आणि माझ्या लेखी तेथे त्याचे मूळ कारणच संपते. मी तेथेही पट्टे घेऊन जोडण्याचाच मार्ग पत्करला.

२०२५ साली जीआर फोर आला असून त्यात पाच अक्षांचे स्थिरीकरण आहे. माझे काम तीन अक्षांच्या स्थिरीकरणावरही भागते, त्यामुळे केवळ त्यासाठी जुना बदलावा असे मला वाटत नाही. उलट, नवा आल्यामुळे वापरलेले जीआर थ्री विक्रीला येऊ लागले तर शोधणाऱ्याने त्यांचा विचार अवश्य करावा. असा कॅमेरा घेताना भिंग दहा-बारा वेळा उघडून मिटून पाहावे, ते अडखळत तर नाही ना हे ऐकावे, आणि दुकानदाराला सांगून पाच मिनिटांसाठी बाहेर यावे. जवळची एखादी कोरी, पांढरी, उन्हातली भिंत पाहून एफ/१६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून तिचे छायाचित्र घ्यावे आणि पडद्यावर मोठे करून चारही कोपरे तपासावेत. सेन्सरवर धूळ असेल तर तिचे करडे ठिपके त्या पांढऱ्या भिंतीवर लगेच दिसतील.